देमेतेरच्या हातातलं डाळिंब

१

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसू नये असंच मला वाटतं. विश्वास ठेवणारा माणूस नुसता हुंकार देत बसतो, त्यात सांगणाऱ्याला काही मजा येत नाही. तेव्हा वाइनमध्ये पाणी घाला, जरा बेतानंच घाला, आणि ऐका. आता, ज्या टेकडीवर पुरुषाच्या सावलीलाही मज्जाव, तिथलं मला कसं ठाऊक, असं कुणीतरी विचारणारच. माझी बायको झोपेत बोलते आणि मला झोप येत नाही. झालं समाधान?

तर त्या वर्षी थेस्मोफोरियाच्या, म्हणजे टेकडीवरच्या बायकांच्या तीन दिवसांच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, आर्खिप्पे देवळात शिरली. बायकांनी त्या वर्षापुरती निवडलेली म्होरकी ती. वय झालेलं, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र नुकतीच पाजळून आणल्यासारखी. तिचा नवरा भर वादळातही नाव समुद्रात लोटायचा, आणि का ते गावात कुणी विचारत नसे.

देवीसमोर तळवे वर करून ती उभी राहिली. हातभर उंचीची, काळ्या लाकडाची आपली पिकांची देवी देमेतेर. डाव्या हातात गव्हाच्या लोंब्या, उजव्या हातात सोन्याचं खसखशीचं बोंड. आर्खिप्पेनं नजर वर केली आणि तिचे तळवे तसेच हवेत राहिले.

उजव्या हातात बोंड नव्हतं. डाळिंब होतं. झाडावरून तोडलेलं, लहानसं, पिवळट सालीचं खरंखुरं डाळिंब.

डाळिंब! ज्या फळाचे दाणे तोंडात टाकले म्हणून देमेतेरची लेक पाताळात अडकली, ते फळ आईच्या हातात. आणि तेही लेकीच्या शोकात गावातल्या साऱ्या बायका उपाशी बसतात त्या दिवशी. सुतकाच्या घरी जाऊन खुनी माणसाला ओट्यावर बसवावं, तसला प्रकार.

आर्खिप्पे ओरडली असेल नसेल, पुजारीण तिमारेतेनं मात्र जी किंकाळी फोडली, ती ऐकून खाडीपलीकडच्या गाढवांनी साद दिली. बायका धावत आल्या. अंगाला निर्गुंडीचा पाला चिकटलेला, डोळे सुजलेले. कारण या तीन दिवसांत जमिनीवर निर्गुंडीच्या डहाळ्या पसरून त्यांवरच झोपायचं असतं.

"काल दिवस मावळताना मी देवीच्या या हाताला ओठ लावले," तिमारेते थरथरत म्हणाली. "रोज लावते तसे. बोंड होतं. माझ्या ओठांना सोन्याचा गारवा लागला होता. म्हणजे चोरी रात्री झालीय. आणि कुणी केली ते हे डाळिंबच सांगतंय. कुठली देवी हातात डाळिंब मिरवते, बायांनो?"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. आर्गोसची हेरा. आणि आमच्या गावात आर्गोसची बाई एकच होती, बित्तोची सून फाएन्ना. उंच, गोरी, फटकळ.

"मी चोर असते," फाएन्ना म्हणाली, "तर स्वतःच्या माहेरची खूण मागे ठेवून गेले असते का? तुमच्या गावात येऊन माझी अक्कल कमी झालीय खरी, पण इतकी नाही."

"मग रात्री कुठे गेली होतीस?" हे विचारलं खुद्द तिच्या सासूनं. बित्तो पुढे सरसावली. "एका झोपडीत झोपतो आम्ही. मला जाग आली, तर हिच्या जागी नुसता पाला. सांग ना आता. घरात तर तोंडाला खीळ नसते तुझ्या!"

फाएन्नानं ओठ मिटले ते मिटलेच.

"पुरे झालं," तिमारेते म्हणाली. कुणी अडवायच्या आत ती कड्याच्या टोकाशी गेली आणि खाली पहाऱ्यावर बसलेल्या गावच्या अधिकाऱ्यांना ओरडून सांगून आली, की देवीची चोरी झालीय आणि चोराचं नाव सूर्यास्ताला म्होरकी सांगेल. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर उपवासाचा थकवा औषधालाही नव्हता.

"देवाच्या चोराला काय मिळतं ते तुला ठाऊक आहे, आर्खिप्पे. जीव जातो आणि प्रेताला गावची माती मिळत नाही. तुझ्या तोंडून नाव गेलं तर ठीक. नाहीतर मी सांगीन, आणि मग चोराला पाठीशी घातल्याबद्दल तुझंही."

२

आता पंचाईत अशी, की दुसरा दिवस हा शिव्यांचा दिवस. देमेतेर लेकीच्या दुःखात गप्प बसली होती, तेव्हा एका बाईनं अचकटविचकट बोलून तिला हसवलं, म्हणून त्या दिवशी बायकांनी एकमेकींना शिव्या घालायच्या. नियम सोपे. शिवी ऐकून गप्प बसायचं नाही, हसायचं आणि शिवीनंच उत्तर द्यायचं. आणि सूर्य मावळला की सारं संपलं. मनात ठेवायचं नाही, घरी न्यायचं नाही. नेणारी ती देवीची गुन्हेगार.

आर्खिप्पेनं विचार केला, चौकशीला याहून चांगला दिवस कुठला? आज प्रश्न टाळणं हेच पाप.

त्या दिवशीच्या शिव्या काय वर्णाव्यात! टेकडीवरचं ऑलिव्हचं जुनं झाड दुपारपर्यंत निम्मं झडलं. माथ्यावरून उडणारा एक कावळा कानांवर पंख ठेवायला गेला आणि धपकन खाली पडला. कुणाला खरं वाटत नसेल तर तो खळगा अजून आहे.

आर्खिप्पे आधी लिसिल्लाकडे गेली. लिसिल्ला म्हणजे त्या वर्षीची उपसणारी. देवळामागच्या खड्ड्यात टाकलेली डुकराची पिल्लं वर्षभरानं कुजून खाली बसतात, ती टाळ्या वाजवत, साप हाकलत, उतरून वर काढायची. बियाण्यात मिसळली की पीक फुटून येतं. वासाचं तुम्हीच समजून घ्या.

"काय गं सडके," आर्खिप्पेनं सुरुवात केली, "रात्री देवळाकडे हुंगत गेली होतीस का?"

"तू गेली असशील, थेरडे. मला कोंडून घालतात हे विसरलीस? उपसणारीनं आधीचे तीन दिवस बंद झोपडीत राहायचं. दाराला बाहेरून निर्गुंडीचे वेढे. आज पहाटे तुम्ही साऱ्याजणींनी मिळून सोडलेत ते. सुटताना तुझाच हात सगळ्यात लुळा होता."

"वेढे शाबूत होते, बरोबर." आर्खिप्पेला आठवलं. डहाळी कुठेही तुटलेली नव्हती. "तुझा वास मात्र त्यातूनही बाहेर येत होता."

"आणि तुझी अक्कल आत येत नव्हती."

दोघी मनापासून हसल्या. लिसिल्ला मोकळी झाली.

मग फाएन्ना. ती एका दगडावर एकटी बसली होती. तिच्या आसपासच्या बायका उठून गेल्या होत्या आणि जाताना पाला झटकून गेल्या होत्या.

"ए आर्गोसच्या घोडे," आर्खिप्पे तिच्यासमोर बसली, "रात्री कुठल्या तबेल्यात गेली होतीस?"

"तुझ्या नवऱ्याला विचार."

"त्याला विचारून काय उपयोग? त्याला स्वतःचं नाव आठवायला दुपार होते. तू सांग. आज खरं लपवलंस तर दिवस मावळताच मला तुझं नाव ओरडावं लागेल. मग उद्यापासून शिव्या खायलाही तू उरणार नाहीस, आणि द्यायलाही."

फाएन्नानं खाली पाहिलं.

"अंजिरं," ती अखेर पुटपुटली.

"काय?"

"अंजिरं खाल्ली! पदरात बांधून आणली होती. भूक सहन होत नाही मला, काकू. झोपडीत खाल्ली असती तर म्हातारीला चावण्याचा आवाज आला असता. तिला भिंतीतल्या पालीचा श्वास ऐकू येतो. म्हणून खडकामागे जाऊन खाल्ली. काल सांजेला लागलेला उपास मोडला हे आत्ता सगळ्यांसमोर सांगितलं, तर म्हणतील, जी देवीचा उपास मोडते ती देवीचं सोनं का सोडील?"

खडकामागे आर्खिप्पेला अंजिराची देठं सापडली, मुंग्या लागलेली. पण देठांनी सुटका कशी व्हायची? अंजिरं खाऊन मग देवळात जायला कुणी बंदी केली होती? उलट देठं दाखवली, तर बायका तिला तिथंच फाडून खातील. त्या सगळ्या उपाशी होत्या.

आर्खिप्पेनं मुंग्यांसकट देठं मातीत दडपली आणि उठली. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की देवळाच्या पायरीवर उभं राहून तिमारेते तिच्याकडे पाहत होती.

३

"काय पुरलंस?" तिमारेतेनं विचारलं.

"तुझा नवरा. हात वर होता त्याचा, तो आत ढकलला."

आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. तिमारेते हसली नाही. शिवीला शिवीही तिनं दिली नाही. नुसतं म्हणाली, "सूर्य कलायला लागलाय."

आता हे तिमारेतेचं न हसणं तुम्हाला समजायला हवं. आदल्या वर्षी याच दिवशी फाएन्ना नवी नवरी म्हणून पहिल्यांदा टेकडीवर आली होती. शिव्या देण्याची तिची पाळी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, परक्या गावची पोर लाजेल. ती पुजारणीसमोर उभी राहिली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "अथेनाच्या हातात भाला. आर्तेमिसच्या हातात धनुष्य. आमच्या हेराच्या हातात डाळिंब. तुमच्या देमेतेरच्या एका हातात लोंब्या, दुसऱ्या हातात बोंड. आणि तिमारेतेच्या? एका हातात देवीचा उरलेला रोट, आणि दुसऱ्या हातात... देवीचा उरलेला रोट!"

त्या हसण्यानं म्हणे देवळाचं एक कौल सरकलं. कारण सणाचे उरलेले रोट पुजारणीच्या हक्काचे असले, तरी तिमारेते दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून ते घरी नेत असे, हे प्रत्येकीनं पाहिलेलं होतं. सूर्य मावळला, शिव्या संपल्या. नाव मात्र टेकडीवरून खाली उतरलं. "दोन्हीहाती". विहिरीवर दोन्हीहाती, बाजारात दोन्हीहाती.

असो. आर्खिप्पे देवळात गेली. आत गारठा होता. जाड दगडी भिंती, खिडकी नाही आणि दिवाही नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे विचित्र वाटतं, पण एरेत्रियाकडे आपण हा सण विस्तवाशिवाय करतो. तीन दिवस टेकडीवर ठिणगी नाही, शेगडी नाही, मशाल नाही. मांससुद्धा तापलेल्या फरशीवर उन्हात भाजायचं.

दारातून पाहिलं तर देवीच्या हातात अजून बोंडच आहे असं वाटत होतं. तसाच गोल आकार, डोक्यावर तसाच कातरलेला मुकुट. सोन्याच्या जागी पिवळी साल. अंधारात काय कळणार?

तिनं डाळिंब उचलायला हात घातला. ते निघेना. हिसडा दिला, तरी ढिम्म. मग तिनं नखानं चाचपून पाहिलं. लाकडी तळहातात मेण होतं, आणि दगडासारखं घट्ट होतं. बोंड नेहमी या मेणातच बसवलेलं असे. आर्खिप्पेचं नख तुटलं, मेणाचा टवकाही उडाला नाही.

तिनं गुडघे टेकले आणि हाताला डोळा लावला. देवीची बोटं शाबूत होती. कुठे ओरखडा नाही, चीर नाही. मेणाची एक बारीक तार बोटावरून खाली ओघळून तिथेच गोठली होती. आणि फळाच्या बुडाशी मेण सालीच्या अंगाअंगाला असं बसलं होतं, की सालीवरच्या एका डागाची कडसुद्धा त्यात उमटली होती.

तोंडावर हात दाबून आर्खिप्पेनं स्वतःलाच एक अशी शिवी दिली, जी मी इथे सांगू शकत नाही, कारण हा वाइनचा दुकानदार मला पुन्हा आत येऊ देणार नाही.

४

बित्तो झोपडीच्या दाराशी निर्गुंडी निवडत बसली होती. चेहऱ्यावर सून गेली तर कुठला कोपरा मोकळा होईल याचा हिशेब दिसत होता.

"बित्तो, मूर्खांच्या राणी," आर्खिप्पे म्हणाली, "सुनेला मारायला निघालीस, पण देवाच्या चोराचं घर पायापासून उखडतात, ते कुणाचं घर असेल? तिच्या बापाचं? आर्गोसला?"

बित्तोच्या हातातली डहाळी गळून पडली. हे तिच्या खरोखरच डोक्यात आलं नव्हतं.

"माझं घर?"

"तुझं. तुझ्या अंगणातल्या डाळिंबासकट. गावात पिवळ्या सालीची डाळिंबं तुझ्याच झाडाला लागतात ना? देवीच्या हातातलं तिथलंच आहे."

"मी नाही ठेवलं!" बित्तो किंचाळली. "अगं बाई, मी... मी देवीला वाहायला फळांची करंडी आणली होती, काल. नव्या वस्त्राबरोबर. यंदाचं वस्त्र मी विणलं ना."

"काल कधी?"

"दुपारी. तुम्ही सगळ्या मिरवणुकीनं यायच्या खूप आधी. वस्त्र नेसवायला देवी बाहेर आणतात, फरशीवर उन्हात ठेवतात, तेव्हा. माझ्याकडून वस्त्राच्या काठाला चिखल लागला, म्हणून तिमारेते माझ्यावर खेकसली आणि मी काठ धुवायला झऱ्यावर गेले. परत आले तोवर तिनं देवी आत नेली होती, वस्त्र दारातूनच घेतलं आणि तिनंच नेसवलं. बस्स."

"करंडीतली डाळिंबं मोजली होतीस?"

"डाळिंबं कोण मोजतं, भिकारडे? माझ्या घरी खायला आहे!"

"शाबास. आणि फाएन्ना तेव्हा कुठे होती?"

"ती? ती खाली घरी होती. भांडी घासून ये म्हटलं होतं मी तिला. मिरवणुकीबरोबर आली ती, सगळ्यांच्या शेवटी, तोंड फुगवून." बित्तो थांबली. मग हळूच म्हणाली, "आर्खिप्पे, दुपारचं का विचारतेस? चोरी रात्री झालीय."

आर्खिप्पे उठली. पश्चिमेला सूर्य समुद्राच्या कडेवर टेकायला आला होता, आणि कड्याखालून पुरुषांच्या हाका ऐकू येत होत्या. नाव सांगा! नाव!

कड्याच्या टोकाशी तिमारेते आधीच जाऊन उभी होती. तिनं छाती भरून श्वास घेतला.

५

"थांब!" आर्खिप्पे ओरडली. इतक्या जोरात, की तिमारेतेचा श्वास तिच्याच घशात उलटा फिरला आणि ती खोकत बसली.

बायका गोळा झाल्या. फाएन्ना मध्ये उभी राहिली. पळून जायला कुठेच वाट नव्हती, आणि ती तशी पळणाऱ्यातलीही नव्हती.

"देवीच्या हातातलं मेण पाहिलंय का कुणी?" आर्खिप्पेनं विचारलं. "जा, पाहा. माझं नख तुटलं, मेण तुटेना. बोंड रात्री उपटलं असतं, तर देवीची बोटं मोडली असती, नाहीतर मेणाचा चुरा झाला असता. तसं काही नाही. मेणाची तार ओघळलीय. डाळिंबाच्या सालीचा ठसा त्यात उमटलाय. म्हणजे बोंड निघालं तेव्हा मेण मऊ होतं, आणि डाळिंब बसलं तेव्हाही मऊच होतं. आता सांगा, या टेकडीवर विस्तव कुठे आहे?"

विस्तव नव्हताच.

"एकच आहे," आर्खिप्पेनं मावळत्या सूर्याकडे बोट केलं. "आणि त्याच्यासमोर देवी आली होती फक्त काल दुपारी. तापलेल्या फरशीवर. बोंड तेव्हाच गेलं, डाळिंब तेव्हाच बसलं. तुम्ही काल संध्याकाळी डाळिंबालाच नमस्कार केलात, बायांनो, मीही केला. अंधारात दारातून कोण ओळखणार? पहाटे मी अगदी जवळ गेले म्हणून दिसलं. फाएन्ना काल दुपारी खाली आपल्या घरी भांडी घासत होती, हे तिची सासू सांगतेय. आणि बित्तो सुनेच्या बाजूनं खोटं बोलेल असं जिला वाटतं, तिनं हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही.

"मग उरलं काय?" आर्खिप्पे तिमारेतेच्या समोर जाऊन उभी राहिली. "दिवस मावळताना तू देवीच्या या हाताला ओठ लावलेस. सोन्याचा गारवा लागला, म्हणालीस. तेव्हा तिथे दुपारपासून डाळिंब होतं. तुझ्या ओठांना साल आणि सोनं यातला फरक कळत नाही? चोरी रात्रीची ठरली ती फक्त तुझ्या एका वाक्यामुळे. आणि दुसऱ्या कुणाला वाचवायला तू खोटं बोललीस असंही म्हणवत नाही, कारण बुडत्याला हात द्यायचा झाला तर तू आधी हातातला रोट कुठे ठेवू ते शोधशील."

कुणीतरी खुदकन हसलं.

"बोंड कुठाय?" तिमारेते म्हणाली. आवाज शांत होता. "सगळ्या झोपड्या सकाळी धुंडाळल्यात. माझीसुद्धा. काल दुपारपासून इथून कुणी खाली गेलेलं नाही. सोनं दाखव, आर्खिप्पे. नाहीतर देवीच्या पुजारणीवर आळ घेतल्याबद्दल पुढचं नाव तुझं."

सूर्याचा खालचा काठ पाण्याला टेकला.

आर्खिप्पेला सोनं कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. तिनं डोळे मिटले. तिमारेते उद्या खाली उतरणार, तेव्हा तिच्याजवळ काय असणार? तिच्या अंगाखांद्यावर जे असेल ते बायका पाहणार. काय पाहूनही कुणी हात लावणार नाही? आज, या भुकेल्या दिवशी, ज्याकडे नजरसुद्धा टाकायची नाही असं काय आहे?

ती देवळात गेली. देवीच्या पायाशी तिमारेतेनं काल दुपारी थापून उन्हात वाळवलेले तीळ-मधाचे रोट रचले होते. बायका मागोमाग दाराशी आल्या. उपासाच्या दिवशी देवीच्या अन्नाला हात लावणं म्हणजे... पण तिनं लावला. पहिला मोडला, नुसताच रोट. दुसरा मोडला, नुसताच रोट. मागून कुणीतरी रडायला लागलं. ती बित्तो होती, आपल्या घरासाठी.

तेव्हा आर्खिप्पेनं रोट मोडणं थांबवलं. तिनं ते एकेक उचलून हातात तोलायला सुरुवात केली. कुठल्या रोटाचं वजन जास्त भरतं, ते स्वयंपाकघरात आयुष्य घालवलेल्या बाईच्या मनगटाला विचारा. एक उचलला आणि तिचं मनगट खाली गेलं.

मोडला. आत, मधानं बरबटलेलं, सोन्याचं बोंड.

६

"वर्षभर," तिमारेते म्हणाली. आता ती ना थरथरत होती, ना ओरडत होती. "वर्षभर विहिरीवर. बाजारात. माझ्या नातवानं मला त्या नावानं हाक मारली, कारण त्याला वाटलं तेच माझं नाव आहे. हिनं एका वाक्यात माझ्या हातातून पुजारीणपण काढून घेतलं आणि रोट दिला. मग मीही हिच्या नावानं एक फळ ठेवलं."

"ते सूर्यास्ताला संपायला हवं होतं," लिसिल्ला म्हणाली.

"तुमच्यासाठी संपलं."

बायका पुढे सरकल्या. काहींच्या हातांत दगड होते. ते कधी उचलले त्यांनाही कळलं नव्हतं. कड्याखालून हाक आली. नाव! सूर्याचं लाल टोक तेवढं उरलं होतं.

"जिच्या गळ्यात हा फास बसणार होता, तिनं ठरवावं," आर्खिप्पे म्हणाली. "फाएन्ना, बोल. लवकर बोल."

फाएन्ना तिमारेतेजवळ गेली. इतकी जवळ, की बायकांना वाटलं आता ही थुंकणार. तिनं मोडलेल्या रोटाचा तुकडा उचलला आणि पुजारणीच्या एका हातात ठेवला. दुसरा तुकडा दुसऱ्या हातात ठेवला.

"नाव सांगू नका," ती म्हणाली. "मारून टाकलंत तर एकदाच मरेल. हिला पुजारीणच राहू दे. दरवर्षी मी इथे येईन, आणि दरवर्षी याच दिवशी, सूर्य मावळेपर्यंत, हिला माझ्यासमोर उभं राहावं लागेल. आणि हसावं लागेल. नियमच आहे."

त्या दिवसात पहिल्यांदाच तिमारेते घाबरलेली दिसली.

सूर्य बुडता बुडता आर्खिप्पे कड्याच्या टोकाशी गेली. "चोर नाही!" ती खाली ओरडली. "बोंड सापडलं! खड्ड्यातल्या सापानं नेलं होतं! वर येऊन त्याला पकडायचं असेल तर या!" खालच्या मशाली हळूहळू गावाकडे निघाल्या. आत देवळात, लोक म्हणतात, लाकडाची देमेतेर खदखदून हसली. तिच्या हनुवटीला तेव्हा पडलेली चीर आजही आहे.

आणि तिसऱ्या दिवशी सण उतरला. टेकडीवरून सगळ्यांत आधी खाली आल्या त्या बित्तो आणि फाएन्ना, हातात हात घालून. अंगणातल्या डाळिंबाखाली सासूनं सुनेचं कपाळ चुंबलं, दोघी पोटभर रडल्या, आणि त्या दिवसापासून बित्तो मरेपर्यंत त्या घरात सासू-सुनेत एकही वाकडा शब्द—

"साफ खोटं!" मागच्या बाकावर इतका वेळ गप्प बसलेला दाढीवाला ताडकन उठला. त्याच्या हातातली वाइन शेजाऱ्याच्या मांडीवर सांडली. "अहो, त्याच घरात लहानाचा मोठा झालोय मी!"